आधी तलाव, मग पंप

पावसाळ्यात भरतीच्या वेळी नवी मुंबईत पाणी तुंबलं की मागणी ठरलेली असते : मोठे पंप बसवा. या मागणीच्या बाजूनं जगातला सर्वात भक्कम पुरावा नेदरलँड्समध्ये आहे. तिथल्या लेमर गावाजवळचं वाउदा पंपगृह १९२० साली सुरू झालं. १९९८पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. फ्रिसलंड प्रांतातले कालवे फुगले की आजही त्याचे बॉयलर पेटतात आणि वाफेच्या चार इंजिनांच्या जोरावर दिवसाला सुमारे ४० लाख घनमीटर पाणी बाहेर फेकलं जातं. मात्र हाच आकडा आपल्या पावसापुढे ठेवून पाहा. ४० लाख घनमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ४६ घनमीटर. कोकणाला नवा नसलेला तासाला ५० मिलिमीटर पाऊस एका चौरस किलोमीटरच्या काँक्रीटवर पडला, तर सेकंदाला जवळपास १४ घनमीटर पाणी वाहू लागतं. म्हणजे एवढं अवाढव्य पंपगृह आपल्याकडे जेमतेम सव्वातीन चौरस किलोमीटरला पुरेल!

मग तिथे ते कसं पुरतं? एक तर तिथला पाऊस संथ, दिवसचे दिवस पडणारा. दुसरं म्हणजे सरोवरं आणि कालव्यांचं जाळं आधी पाणी पोटात घेतं. बॉयलर तापून पुरेशी वाफ धरायला कित्येक तास लागतात, ती सवड हे जाळंच देतं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोनं डच धर्तीवर धारण तलाव आखले ते याच विचारानं. खाडीला भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं तलावाच्या झडपा आपोआप मिटतात, शहराचं पाणी आत साठतं आणि ओहोटीला झडपा उघडून ते खाडीत उतरतं. विजेची गरजच नाही. पण एक हेक्टर तलावात मीटरभर गाळ बसला की १० हजार घनमीटर जागा गेली, आणि तेवढं पाणी रस्त्यावर आलं. लहान पंप मदतीला हवेतच, विशेषतः उधाणाच्या भरतीला, पण ही गेलेली जागा ते भरून काढू शकत नाहीत.

तलावांत तिवरं वाढली आहेत, गाळ काढला तर ती मरतील, हा आक्षेप मात्र खरा आहे. उच्च न्यायालयानं २०१८ साली राज्यभर खारफुटीला संरक्षण दिलं, ते योग्यच झालं. पण सगळा गाळ काही तिवरांच्या मुळांत अडकलेला नाही. झडपांसमोरचा, नाल्यांच्या मुखाशी साचलेला आणि मधल्या उघड्या पाण्याखालचा गाळ न्यायालयाच्या परवानगीनं, पावसाळ्याआधी, काठावरच्या तिवरांना हात न लावता काढता येईल. सुरुवात तिथून करावी.