मुलांसाठी पुस्तक निवडताना: वाचायचं वेगळं, ऐकायचं वेगळं

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा त्याचा लिखित मजकूर.

सातारा-सांगलीकडच्या पालकांचा एक प्रश्न वरचेवर येतो: "पोरगं पाचवीत आहे, कोणतं पुस्तक देऊ?" मी उलट विचारते, ते स्वतः वाचणार, की तुम्ही वाचून दाखवणार? कारण ही दोन पुस्तकं वेगळी असतात.

मुलांचं ऐकण्याचं वय वाचण्याच्या वयाच्या बरंच पुढे असतं. सहा वर्षांच्या मुलाला लांबलचक गोष्ट ऐकून छान कळते. पण तीच स्वतः वाचताना ते जोडाक्षरावर अडखळतं आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरतं. स्नेहसंमेलनात बक्षीस म्हणून जाडजूड पुस्तक मिळतं, दोन पानांनंतर ते कपाटात जातं. पुस्तक धूळ खातं त्याचं एवढं काही नाही हो, पण "मला वाचन जमत नाही" हे मुलाच्या डोक्यात बसतं आणि ते निघता निघत नाही.

यावर एक सोपी युक्ती आहे. कुठलंही एक पान मुलाला मोठ्याने वाचू द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटा. पान संपायच्या आत पाची बोटं मिटली, तर ते पुस्तक सध्या ऐकायचं. पुस्तक परत करू नका, तुम्ही वाचून दाखवा.

आता वयाप्रमाणे बघू. हे आकडे अंदाजाचे आहेत, बरं का.

तीन ते सहा : इथे सगळं ऐकायचं आणि बघायचं. माधुरी पुरंदरे यांचा 'राधाचं घर' हा छोट्या पुस्तकांचा संच घ्या. आई, बाबा, आजी अशी घरातलीच माणसं त्यात आहेत.

सात ते नऊ : स्वतः वाचायला विंदा करंदीकरांच्या बालकविता. यमकामुळे पुढचा शब्द ओळखता येतो आणि अडखळणं कमी होतं. ऐकायला 'तोत्तोचान'. रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या टोकियोतल्या शाळेची ही खरी हकीकत. प्रकरणं छोटी आहेत, रोज रात्री एक पुरतं.

दहा ते बारा : भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा 'फास्टर फेणे' किंवा दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे'. पुढे काय होणार या ओढीनं पानं आपोआप उलटतात. शिवाय पहिलं पुस्तक आवडलं, की त्याच नायकाचं दुसरं तयार असतं. ऐकायला 'श्यामची आई'.

तेरा ते पंधरा : इथे आपल्या मातीतली पुस्तकं येतात. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' घ्या. संत कराडला भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या लंपनची मराठी बेळगावकडची, कानडी वळणाची. जत-मिरजेकडच्या मुलांना ती परकी वाटायची नाही. ऐकायला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). औंध संस्थानातल्या धनगरवस्तीवर एक तरुण मास्तर येतो, त्याची ही कादंबरी. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर माडगूळकरांचं माडगुळे सांगलीच्या आटपाडी तालुक्यात. आटपाडी-माणकडच्या घरांत तर आजोबांनाच वाचायला बसवा. बोलीचा सूर त्यांच्या तोंडून बरोबर येतो, आणि एखादा शब्द अडला तर अर्थही तेच सांगतील.

पंधराच्या पुढे : अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९). अण्णा भाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. कादंबरीत भूक आहे, अन्याय आहे, हिंसाही आहे. म्हणून मूल एकट्यानं वाचत असलं, तरी तुम्हीही वाचा. त्याला विचारायचं असेल, तेव्हा बोलता आलं पाहिजे.

मोठ्या मुलालाही वाचून दाखवायचं का? हो, जरूर! सातवीतलं मूल अडखळत वाचत असेल, तर त्याची समज लहान आहे असं नव्हे. हाती फक्त सोपी पुस्तकं दिलीत, तर त्याला ती 'बाळबोध' वाटतात. फक्त अवघड दिलीत, तर भीती वाटते. म्हणून दोन्ही हवीत: सोपं त्याच्या हातात, अवघड तुमच्या तोंडून.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. गावातल्या, तालुक्याच्या वाचनालयात बालविभागाची चौकशी करा. महाबळेश्वर-पाचगणीला सहल निघाली, तर भिलारला थांबा. ४ मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' आहे. तिथे लोकांच्या राहत्या घरांत पुस्तकं मांडलेली आहेत, बसून वाचायला पैसे लागत नाहीत. मुलाला तासभर मोकळं सोडा. ते काय उचलतं आणि काय पटकन ठेवून देतं, हे बघा. पुढचं पुस्तक कोणतं आणायचं, ते तिथेच कळेल.

आज रात्री दहा मिनिटं काढा. एक पुस्तक त्याचं, एक तुमचं. तुमच्या घरी काय वाचलं जातंय ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!