ध्यास कसा विणला जातो

पाऊस स्थिरावला की विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर नाहीतर शिंदीच्या झावळ्यांवर एक लगबग सुरू होते. चिमणीएवढा, पिवळ्याधमक माथ्याचा एक पक्षी भाताच्या रोपावर उतरतो. पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडतो, तिथली कड घट्ट धरतो आणि उडतो. उडण्याच्या झटक्यासरशी पात्याची लांब, सरळ पट्टी फाटून चोचीत येते. ती घेऊन तो फांदीवर परततो, वेढा घालतो, गाठ मारतो, टोक दुसऱ्या पट्टीखालून ओढून घेतो. हत्यार म्हणाल तर चोच आणि पाय, एवढंच. अशा शेकडो फेऱ्या होतात, तेव्हा कुठे अठराएक दिवसांत सुगरण पक्ष्याचं लोंबतं घरटं पुरं होतं. बहिणाबाईंच्या कवितेमुळे ते आईने पिलांसाठी विणलेलं घर म्हणून आपल्या मनात ठसलं आहे. प्रत्यक्षात हे विणकाम नराचं असतं.

1930 साली अलिबागजवळच्या किहीम गावात तेहतीस वर्षांचे एक गृहस्थ हे विणकाम तासन् तास न्याहाळत बसत. बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान या नामवंत पक्षिशास्त्रज्ञाकडे शिकून ते नुकतेच परतले होते. परत येऊन पाहतात तर मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली त्यांची गाइड लेक्चररची जागा पैशांअभावी रद्द झालेली. हाती विद्यापीठाची पदवी नव्हती, दुसरी नोकरी मिळेना, म्हणून पत्नी तहमीना यांच्यासह ते किहीमला राहायला आले होते. ते होते सालिम अली.

त्या झाडावर त्यांना जे दिसलं ते विलक्षण होतं. नर आधी पट्ट्यांचं एक कडं विणतो. मग कड्याच्या वर छप्पर धरतो. घरटं शिरस्त्राणाच्या आकाराला आलं की विणकाम थांबतं. खाली लोंबकळून, पंख फडफडवत तो माद्यांना बोलावू लागतो. माद्या येतात, आत शिरतात, इथेतिथे चोचीने ओढून बघतात आणि बहुतेकदा निघून जातात. एखादीला घरटं पसंत पडलं की ती तिथे ठाण मांडते. त्यानंतरच नर अंड्यांची खोली आणि खालची लांब नळी पुरी करतो. आतली सजावट, अंडी उबवणं हे मादीकडे. ती त्यात गुंतली की हा जवळच दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. सुगरणीच्या वसाहतीत अर्धवट घरटी का लटकत असतात याबद्दल तोवर नाना तर्क चालत. सालिम अलींनी त्याचा उलगडा केला: ती पसंतीची वाट पाहणारी घरटी होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलेल्या त्यांच्या या अभ्यासाने सुगरणीच्या संसाराची रीत पहिल्यांदा नीट उजेडात आली.

नोकरी गेलेला माणूस झाडाखाली बसून इतकं बारकाईने पाहू शकतो, ही नजर येते कुठून?

ही गोष्ट त्यांच्या लहानपणापासून सुरू होते. 1896 साली जन्मलेल्या सालिमचे आईवडील लवकरच वारले. मुंबईत खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी भावंडांना वाढवलं. मामांनी दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीने एकदा त्याने चिमणी टिपली. नेहमीसारखीच चिमणी, पण गळ्यावर पिवळा ठिपका. ही कुठली, असं मुलाने विचारलं. मामांना सांगता येईना. त्यांनी वेळ मारून नेली नाही. नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे त्यांनी चिठ्ठी दिली. मुलगा बिचकत तिथे पोचला. मिलार्डनी ती पिवळ्या कंठाची रानचिमणी असल्याचं सांगितलं आणि पेंढा भरून जतन केलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. वाचायला पुस्तकं दिली. पुढे सोसायटीतच पक्ष्याचं कातडं सोलून जतन कसं करायचं हेही त्याला शिकायला मिळालं.

इथून थेट पक्षिशास्त्राकडे वाट गेली असेल असं वाटतं. तसं झालं नाही. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी गणिताने जेरीस आणलं. कॉलेज सुटलं आणि कुटुंबाच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात मदत करायला त्यांना ब्रह्मदेशात तव्हॉयला जावं लागलं. तिथल्या जंगलात त्यांचं लक्ष पक्ष्यांकडेच जाई. काही वर्षांनी मुंबईला परतून त्यांनी व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायला घेतला. सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांचा ओढा ओळखला आणि प्राणिशास्त्राचा अभ्यास करायला लावला. खाण, लाकूड, हिशेबाच्या वह्या अशी वळणं घेत गेलेल्या या माणसाचं लक्ष मात्र एकाच जागी परतत राहिलं.

मला यातलं सगळ्यात मोठं नवल हेच वाटतं. आपण ध्येय म्हणतो ते एखाद्या दिवशी लख्ख प्रकाशासारखं सापडेल असं आपल्याला वाटतं, आणि ते सापडेपर्यंत मुलं कासावीस होतात. दहावी-बारावीचा निकाल, कल चाचणी, नातेवाइकांचं 'पुढे काय?'. सालिम अलींच्या आयुष्यात असा एकच निर्णायक दिवस शोधायला गेलं तर हाती लागतो तो फक्त एक प्रश्न. त्याला मिळालेल्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघाला. ओढ आधी होती, पण तिला आकार आला तो सरावाने.

पक्ष्यांचंही तसंच असतं. निकोलस आणि एल्सी कोलियस या अमेरिकी शास्त्रज्ञ जोडप्याने सुगरणीच्या आफ्रिकी भाऊबंदांवर प्रयोग केले. काही तरुण नरांना त्यांनी विणायला हिरवी पाती मिळूच दिली नाहीत. पुढे पाती दिली तेव्हा त्यांना धड टाका घालता येईना. लहानपणापासून पात्यांशी खेळलेले नर मात्र सराईतपणे विणत होते. विणण्याची ऊर्मी उपजत खरी, पण गाठ मारायला शिकावंच लागतं. उपजत आणि कमावलेलं यांची अशी सांगड पाहिली की थक्क व्हायला होतं.

ओढ आणि सराव यांनी पोट भरत नाही, आणि सालिम अलींनी हा प्रश्न टाळला नाही. नोकरी देणारं कुणी नव्हतं, तेव्हा त्यांनी कामच उभं केलं. तंबू, प्रवास आणि माणसांचा खर्च तुम्ही करा, मी मानधन न घेता तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी करतो, असा प्रस्ताव त्यांनी संस्थानांपुढे ठेवला. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा पाहण्या त्यातून झाल्या. तळाची सगळी व्यवस्था तहमीना बघत. त्यांच्याविना हे जमलं नसतं. भटकंतीतल्या त्या नोंदींतून 1941 साली 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' आलं आणि ते हातात घेऊन भारतातल्या कित्येक पिढ्या पक्षी ओळखायला शिकल्या. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा संदर्भग्रंथ 1968 ते 1974 या काळात प्रसिद्ध झाला. तेव्हा सालिम अली सत्तरीत होते.

म्हणून ज्यांना अजून आपली दिशा सापडलेली नाही, त्यांना माझं सांगणं आहे: 'माझा जन्म कशासाठी' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. दुसरं काही करत असतानाही आपलं लक्ष कुठे जातं ते महिनाभर वहीत टिपा. त्यातलं एक काम निवडा आणि सुरुवातीची वाकडी गाठ सहन करत रोज करा. आणि जे थोरले आहेत त्यांनी, घरातलं मूल एखादा प्रश्न घेऊन आलं आणि उत्तर येत नसलं, तर तसं मोकळेपणी सांगावं आणि ज्याला येतं त्याच्याकडे त्याला घेऊन जावं. एखाद्याला त्याच्या वाटेवर आणून सोडायला एवढं पुरतं.