खांबावर चढायचं कुणी?

सीमाभागातल्या वडगावात लाइट गेली की यंत्रमागांचा खडखडाट एकदम थांबतो आणि माणसं डीपीखाली जमतात. लाइनमन येईपर्यंत एखादा हौशी पोरगा लांब काठी शोधायला धावतो. त्याला अडवायला हवं, कारण खांबावरच्या कामाचा हक्क कुणाचा, हे कायद्याने ठरलेलं आहे आणि त्यावरून कोर्टात भांडणंही झाली आहेत.

1956 च्या वीज नियमांतला 45 वा नियम सांगायचा की बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडून बाकीचं काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचं. देखरेखीला सक्षमता प्रमाणपत्र असलेला माणूस हवा, हात लावणाऱ्याकडेही परमिट हवं. पुढे 2010 मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाची सुरक्षा नियमावली आली. लाइनच्या देखभालीवरच्या तंत्रज्ञाकडे योग्य ट्रेडचं प्रमाणपत्र, शक्यतो दोन वर्षांच्या आयटीआयचं, असावं असं ती म्हणायची. 2023 मध्ये तिच्या जागी नवी नियमावली निघाली.

सीमाभागात पात्रतेच्या अटींतला फरक डोळ्यांना दिसतो. निपाणीहून कागलला गेलं की कर्नाटकातल्या हेस्कॉमचे खांब संपतात, महाराष्ट्रातल्या महावितरणचे सुरू होतात. महावितरण विद्युत सहायक घेताना इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा आयटीआय दाखला मागते. कर्नाटकच्या वीज पारेषण कंपनीने, केपीटीसीएलने, 2024 मध्ये ज्युनियर पॉवरमन आणि स्टेशन अटेंडंटच्या 2975 जागा काढल्या, त्यांना दहावी पुरेशी होती. मैदानावर मात्र आठ मीटरचा खांब चढून दाखवायचा. ही कसोटी हवीच, पण वरच्या कोणत्या तारेत करंट आहे हे पायांच्या ताकदीने कळत नाही.

खटले उभे राहतात ते माणूस गेल्यावर.

ठेकेदाराचा कामगार दगावला की कंपनी म्हणते, तो आमचा नव्हे. ठेकेदार म्हणतो, लाइन बंद करणं कंपनीचं काम. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्याचं कलम 12 इथे कुटुंबाच्या बाजूने उभं राहायचं: आधी मुख्य मालकाने पैसे द्यायचे, मग ठेकेदाराकडून वसूल करायचे. रस्त्यावरच्या माणसासाठी सर्वोच्च न्यायालयाचा 2002 चा निकाल आहे. मध्य प्रदेशात 1997 च्या पावसाळ्यात सायकलने घरी निघालेला कामगार पडलेल्या तारेने गेला. कुणीतरी वीज चोरताना ती तार सुटली, असा वीज मंडळाचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला आणि धोक्याचा धंदा करणाऱ्यावर, निष्काळजीपणा सिद्ध न होताही, जबाबदारी टाकली.

मागांच्या वस्तीत आणखी एक धोका आहे. लाइनमन एलसी, म्हणजे लाइन बंद करून कामाची परवानगी, घेतो, सबस्टेशनात फीडर बंद होतो, डिस्चार्ज रॉड लावून दोन्ही बाजूंना अर्थिंग होतं, मगच तो पट्टा आवळून चढतो. तेवढ्यात खाली कुणी चेंजओव्हर स्विच नसलेला जनरेटर सुरू केला, तर तो करंट डीपीतून उलटा जातो आणि वरच्या तारांत 11 हजार व्होल्टचा होतो. एलसी हातात असूनही अर्थिंग न करता वर गेलेल्या माणसाला तो तिथेच गाठतो.