फुटपट्टी नेमकी कुणाची?

अमेरिकेत 17 जानेवारी 1920 ला दारूबंदी आली आणि 5 डिसेंबर 1933 ला गेली. कायद्यात एक सोयीची पळवाट होती. दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं हा गुन्हा. पण बंदीआधी भरून ठेवलेला साठा स्वतःच्या घरात पाहुण्यांबरोबर रिचवायला हरकत नव्हती. त्यामुळे बड्या घरांतला पाहुणचार फारसा आटला नाही. बॉस्टनच्या बीकन हिल या उच्चभ्रू वस्तीत, 10 लाइम स्ट्रीट इथे, सर्जन डॉ. ले रॉय क्रँडन यांच्याकडेही खाण्यापिण्याची चंगळ असे. जेवणं उरकली की मंडळी वरच्या मजल्यावर जात, दिवे मालवले जात आणि डॉक्टरांची बायको मीना आपल्या मृत भावाला बोलावी. 1911 साली रेल्वे अपघातात गेलेला हा वॉल्टर अंधारात शीळ घाली, टेबलं हलवी आणि प्रतिष्ठित पाहुण्यांसमोर सणसणीत शिव्या हासडी. मीना पुढे ‘मार्जरी’ या नावाने गाजली. ती फसवत होती का, हा प्रश्न आज फारसा उरलेला नाही. खरं कोडं वेगळं आहे: इतकी शिकलेली माणसं तिच्या दारात इतका काळ का घुटमळली? मला वाटतं, याला त्यांचा भाबडेपणा कमी आणि घरातली बैठक जास्त कारणीभूत आहे. परीक्षकच पाहुणे होते, आणि यजमानीणबाईंचा पाय पकडायला पाहुण्याला संकोच वाटणारच.

‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाने खरं अतींद्रिय सामर्थ्य दाखवणाऱ्या माध्यमाला 2,500 डॉलरचं बक्षीस लावलं होतं. परीक्षक मंडळात हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅक्डूगल, भौतिकशास्त्रज्ञ डॅनियल कॉमस्टॉक, परामानसशास्त्राचे अभ्यासक वॉल्टर प्रिन्स आणि हियरवर्ड कॅरिंग्टन, शिवाय जादूगार हॅरी हूडिनी अशी माणसं. मंडळाचे चिटणीस माल्कम बर्ड आणि कॅरिंग्टन हे बॉस्टनला आले की चक्क क्रँडनांच्याच घरी मुक्काम करत. ज्याची तपासणी करायची त्याच्याच घरी राहायचं, त्याच्याच ताटात जेवायचं! त्यात अंधारात मार्जरीचा उजवा हात धरायला बहुतेक वेळा कोण, तर खुद्द नवरा. एवढी ढिलाई एखाद्या बँकेच्या हिशेबतपासनीसाने केली असती तर त्याची नोकरी गेली असती.

हूडिनी हॉटेलात उतरला. 23 जुलै 1924 ला तो तिच्या डाव्या हाताला बसला. वरची फळी दाबली की घंटी वाजावी अशी एक लाकडी पेटी त्याच्या दोन पायांमध्ये ठेवली होती. हूडिनीने त्या दिवशी आपल्या पोटरीला रबरी पट्टा आवळून बांधून ठेवला होता. दिवसभरात तिथली कातडी सुजून इतकी हुळहुळी झाली, की नुसता स्पर्शही जाणवावा. अंधारात त्याने विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि वाट पाहिली. मार्जरीचा पाय इंचाइंचाने पेटीकडे सरकताना त्याला जाणवत होता. पाय पोचला की घंटी वाजे. त्याच बैठकीत एक कर्णा हवेतून येऊन पडला. हूडिनीच्या मते तो तिने हात सुटताच टोपीसारखा डोक्यावर चढवला होता आणि मानेच्या झटक्याने फेकला. तिचं कसब त्याने मनापासून वाखाणलं, हे विशेष.

आता आक्षेप. ऑगस्टमध्ये हूडिनीने तिला डोकं आणि हात तेवढे बाहेर राहतील अशा लाकडी पेटाऱ्यात बसवलं, आणि पेटाऱ्यात सापडली सुताराची घडीची दोन फुटी पट्टी. वॉल्टरने शिव्यांची लाखोली वाहून हूडिनीवरच ती लपवल्याचा आळ घेतला. पुढे 1959 साली निघालेल्या एका हूडिनी-चरित्रात असं आलं, की त्याचा सहायक कॉलिन्स याने ती आपणच टाकल्याची कबुली दिली होती. पण ही कबुली ऐकीव, तीही हूडिनीशी फारसं सख्य नसलेल्या माणसाकडून आलेली. तरी समजा, पट्टी हूडिनीचीच होती. म्हणून घंटी भुताने वाजवली असं ठरत नाही. आणि मार्जरीविरुद्धचा निकाल हूडिनीवर अवलंबूनही नाही. फेब्रुवारी 1925 मध्ये मंडळाने बक्षीस नाकारलं, एकट्या कॅरिंग्टनचं मत वेगळं पडलं. जुलै 1926 मध्ये जे. बी. ऱ्हाइन हा तरुण संशोधक आला तो विश्वास ठेवण्याच्या तयारीनेच. तिने कर्णा पायाने ढकलून हाताच्या टप्प्यात आणलेला त्याने पाहिला आणि निराश होऊन परतला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ती पैसे घेत नव्हती, मग फसवेल कशाला? मला तर इथेच तिची खरी ताकद दिसते. फी घेणाऱ्या माध्यमाची झडती घेता येते. फुकट जेवू घालणाऱ्या बाईची घेताना जीभ अडखळते. हेतूच शोधायचा तर भुतांच्या गोष्टींनी झपाटलेला, वयाने बराच मोठा नवरा आणि पुढ्यात ताटकळलेले प्राध्यापक एवढं पुरे नाही का?

शेवटी वॉल्टर अडकला तो अंगठ्यामुळे. तो मेणावर आपले ठसे उमटवी आणि तेच मरणोत्तर अस्तित्वाचा पुरावा म्हणून मिरवले जात. बैठकीला येणाऱ्या जिवंत माणसांपैकी कुणाचे ते नाहीत, हे एकदाचं सिद्ध करावं म्हणून तिच्याच बाजूच्या एका अभ्यासकाने सगळ्यांचे ठसे गोळा केले. 1932 साली जुळणारा अंगठा सापडला: मार्जरीच्या दंतवैद्याचा. दातांचं मेण ठशांना छान चालतं हे तिला दाखवायला त्याने कधीतरी स्वतःचाच अंगठा दाबून तो तुकडा तिला दिला होता. दंतवैद्य ठणठणीत होता आणि दवाखाना चालवत होता.