एकवीस माणसे आणि एक पोरगा

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी फरशीवर समुद्र अवतरला होता. आईच्या जुन्या निळ्या लुगड्याचा तो समुद्र, त्यावर काड्यापेट्यांची जहाजे आणि जहाजांत चिंचोक्यांचे खलाशी! शेजारच्या काकूंनी दारातून डोकावून आईला विचारले, "कॉलेजात हेच शिकवतात का हो?" आईला उत्तर देता आले नाही, कारण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. ते उत्तर देण्याचा प्रयत्न मी या लेखात करणार आहे.

त्याचे असे झाले. इतिहास मंडळात प्रत्येकाने एक निबंध वाचायचा होता. माझ्या वाट्याला 'मध्ययुगीन इंग्लंडमधील बंदरे' हा विषय आला. मी दुष्काळी तालुक्यातली. समुद्र अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. ग्रंथालयात बसून टिपणे काढली, सनावळ्या पाठ केल्या. पण जहाजाने 'वाऱ्याची बाजू साधणे' म्हणजे नेमके काय, हे चार वेळा वाचूनही उमगेना. सरांना विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "वाचून कळत नसेल तर मांडून पाहा." मी ते शब्दशः घेतले!

पाच बंदरांचा करार

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर, फ्रान्सच्या अगदी समोर, हेस्टिंग्ज, न्यू रॉम्नी, हाइद, डोव्हर आणि सँडविच ही पाच बंदरे आहेत. यांना 'सिंक पोर्ट्‌स', म्हणजे पाच बंदरे, असे म्हणत. पुढे विंचेल्सी आणि राय ही दोन गावेही त्यांत मानाने सामील झाली. त्या काळी इंग्लंडच्या राजापाशी कायमचे मोठे आरमार नव्हते. मग समुद्रावर लढायचे कोणी? मासे धरणाऱ्या आणि माल वाहणाऱ्या याच गावांनी!

राजा आणि बंदरे यांच्यात एक सरळ व्यवहार होता. तेराव्या शतकातील नोंदींप्रमाणे बंदरांनी मिळून वर्षाला ५७ जहाजे पुरवायची : डोव्हरने २१, हेस्टिंग्ज व त्याच्या जोडीच्या गावांनी २१ आणि उरलेल्या तिघांनी प्रत्येकी ५. प्रत्येक जहाजावर एकवीस माणसे आणि एक पोरगा. पंधरा दिवसांची चाकरी बंदरांच्या खर्चाने. त्यापुढे राजाने पैसे मोजायचे. ही प्रथा जुनी. १०८६ च्या 'डूम्सडे' पाहणीतही डोव्हरच्या नावावर २० जहाजे, पंधरा दिवस आणि जहाजागणिक २१ माणसे अशी नोंद आहे. या चाकरीच्या बदल्यात बंदरांना जकात माफ होती, स्वतःची न्यायालये होती आणि यार्मथच्या हेरिंग माशांच्या जत्रेत खास हक्क होते. इतकेच काय, राज्याभिषेकाच्या वेळी राजाच्या डोक्यावरचे छत धरण्याचा मानही याच बंदरांच्या लोकांचा.

हा पोरखेळ नव्हे

पटावर लढाई मांडून पाहण्याची रीत मी शोधून काढलेली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस क्लार्क ऑफ एल्डिन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने टेबलावर छोटी जहाजे मांडून आरमारी डावपेचांवर ग्रंथ लिहिला. तो स्वतः कधी नौदलात नव्हता! १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असा खेळ स्वीकारला. १८९८ मध्ये फ्रेड जेन याने आरमारी लढाईच्या खेळाचे नियम प्रसिद्ध केले. पण मला सर्वांत आवडलेली हकिकत लिव्हरपूलची. हे बंदर राजा जॉनच्या १२०७ च्या सनदेने वसले. त्याच गावात १९४२ साली गिल्बर्ट रॉबर्ट्‌स या अधिकाऱ्याच्या हाताखाली नौदलाच्या स्त्रीदलातील तरुणी फरशीवर खडूने रेघा ओढून जर्मन पाणबुड्यांशी लढाया मांडीत आणि समुद्रावरून आलेल्या अधिकाऱ्यांना त्यांतून धडे देत. त्यांतल्या कित्येकींनी विशीही ओलांडली नव्हती. शेजारच्या काकूंना हे सांगायला हवे!

आमचे नियम

मध्ययुगीन जहाज कसे होते ते आधी पाहू. 'कॉग' हे त्या काळचे उंच कडांचे मालवाहू जहाज. १९६२ मध्ये जर्मनीतील ब्रेमेन येथे नदीच्या गाळात एक कॉग सापडले. ते १३८० च्या सुमाराचे असून त्याची लांबी सुमारे २४ मीटर आहे. एक डोलकाठी, एकच चौकोनी शीड. युद्धाच्या वेळी पुढे-मागे लाकडी माच उभारायचे, त्यांवर तिरंदाज चढवायचे, की मालवाहू जहाज झाले लढाऊ! तेराव्या शतकात जहाजांवर तोफा नव्हत्या. बाण, दगड, आणि शेवटी आकडे टाकून शत्रूच्या जहाजावर उडी.

त्यावरून मी आणि माझ्या मैत्रिणीने नियम बसवले. वारा पाठीमागून असेल तर जहाज एका खेपेस वीतभर पुढे जाईल. बाजूने असेल तर चार बोटे. समोरून असेल तर जागचे हलणार नाही. बाण लागला की नाही हे सापशिडीचा फासा ठरवील. उंच जहाजावरून खाली मारा करणाऱ्याला फाशावर एक जास्त. जहाजे भिडली की दोन्हीकडचे चिंचोके मोजायचे आणि फासे टाकीत एकेक उचलायचा. प्रत्येक पेटीत २१ चिंचोके. आणि पोरग्यासाठी एक लाल गुंज.

२४ ऑगस्ट १२१७

आम्ही मांडली ती सँडविचची लढाई. राजा जॉन १२१६ मध्ये वारला. त्याचा मुलगा अवघा नऊ वर्षांचा. फ्रान्सचा राजपुत्र लुई लंडन बळकावून बसलेला. त्याच्या मदतीसाठी युस्टेस नावाचा दर्यावर्दी सुमारे ८० लहानमोठी जहाजे घेऊन निघाला. हा पूर्वी मठातला साधू होता, म्हणून त्याला 'युस्टेस द मंक' म्हणत. समोर ह्यूबर्ट द बर्ग आणि पाच बंदरांचे लोक. त्यांची जहाजे सुमारे निम्मी.

पहिल्या डावात मी इंग्रजांकडून खेळले आणि शूरपणे सरळ शत्रूच्या अंगावर गेले. वारा फ्रेंचांच्या पाठीशी. माझी जहाजे जागची हलेनात. घटकाभरात माझे चिंचोके मैत्रिणीच्या ओंजळीत!

दुसऱ्या डावात ह्यूबर्टने केले तेच केले. त्याची जहाजे शत्रूच्या समोरून निघून गेली. फ्रेंचांना वाटले, हे भ्याले किंवा कॅलेकडे निघाले. पण पुढे जाऊन ती वळली, आणि आता वारा त्यांच्या पाठीशी होता, फ्रेंचांची पाठ त्यांच्याकडे होती. मग इंग्रजांनी बाणांबरोबर चुन्याची भुकटी उधळली. हा विड्याचा चुना नव्हे, कळीचा. वाऱ्याबरोबर तो फ्रेंचांच्या डोळ्यांत गेला. युस्टेस जहाजाच्या तळाशी लपलेला सापडला आणि त्याचे मुंडके उडवण्यात आले. पुढच्याच महिन्यात लुईने तह करून इंग्लंड सोडले.

लुगड्यावरच्या त्या वळणाने माझी गाठ सुटली. चुना शत्रूच्या डोळ्यांत जावा की आपल्या, हे फेकणाऱ्याच्या शौर्यावर नव्हे, तर तो कोणत्या बाजूला उभा आहे यावर ठरते. वाऱ्याची बाजू साधणे म्हणजे हे!

पंधरा दिवसांचा हिशेब

नंतर आम्ही एक नियम वाढवला. डाव बंदरातून सुरू करायचा आणि दर दिवशी फासा टाकून वारा ठरवायचा. प्रतिकूल वारा आला की एक दिवस फुकट. एकदा तर बारा दिवस आमची जहाजे बंदरातच! लढायला उरले तीन दिवस. पंधरा दिवसांची फुकट चाकरी राजाला मोठी वाटली, तरी वारा ती अर्धी खाऊन टाकत असणार. तेव्हा करारातले 'त्यापुढे राजाने पैसे मोजायचे' हे कलम शोभेचे नव्हते.

हक्क मिळाले की त्यांपायी भांडणेही येतात. १२९७ मध्ये राजा पहिला एडवर्ड फ्लँडर्सला उतरत असता, सिंक पोर्ट्‌सच्या लोकांनी यार्मथच्या जहाजांवर हल्ला करून त्यांतली कित्येक जाळली. दोघेही एकाच राजाच्या चाकरीत आलेले!

ज्याला फासा नाही

पण या बंदरांचा खरा शत्रू वेगळाच निघाला. १२८७ च्या भीषण वादळात जुने विंचेल्सी समुद्राने गिळले. एडवर्डने शेजारच्या टेकडीवर चौकटीसारखे आखीव नवे गाव वसवले. त्याच वादळात रॉथर नदीने पात्र बदलले आणि रॉम्नीचे बंदर गाळाने भरले. तिथल्या जुन्या चर्चभोवतीची जमीन इतकी वर आली, की आज आत जायला पायऱ्या उतराव्या लागतात. सँडविच आता समुद्रापासून सुमारे तीन किलोमीटर आत आहे. ज्यांनी युस्टेसला हरवले, त्यांना चिखलाने हरवले. आमच्या नियमांत चिखलाला फासा नव्हता.

आणि आणखी एका गोष्टीला नव्हता. एका डावात माझे जहाज बुडाले. मैत्रिणीने एकवीस चिंचोके मोजून घेतले आणि विचारले, "गुंजेचं काय करायचं?" आम्ही दोघी गप्प. पोरग्यासाठी आम्ही नियमच केला नव्हता.

अण्णा कोपऱ्यात जेवत होते. माझे वडील ट्रक चालवतात. त्यांनी विचारले, "कोण पोरगा?" मी करार सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे क्लीनर." मग हात धुता धुता म्हणाले, "मी बारा वर्षांचा होतो तेव्हा मालक फेरीच्या वहीत लिहायचा : ड्रायव्हर एक, पोरगा एक. तीन वर्षं मी त्या वहीत होतो. नाव कधी आलं नाही." जरा थांबून त्यांनी विचारले, "त्या पोराचं नाव आहे का तुझ्या पुस्तकात?"

नव्हते. ह्यूबर्टचे आहे, युस्टेसचे आहे. ५७ जहाजांवर एकवीस प्रमाणे ११९७ माणसे आणि ५७ पोरगे. करारात त्यांची फक्त संख्या. कॉलेजात येईपर्यंत मला वाटे, इतिहास म्हणजे नावे पाठ करणे. अण्णांच्या प्रश्नानंतर मी टिपणे पुन्हा चाळली, ती नावे नसलेल्यांसाठी.

निबंध वाचून झाला. सरांनी शाबासकी दिली आणि लुगडे व काड्यापेट्या मंडळाच्या कपाटात ठेवून घेतल्या. आता हा डाव पुढच्या वर्षीचे विद्यार्थी खेळतील. नियमांच्या कागदावर मी शेवटी एक ओळ वाढवली आहे : 'जहाज बुडाल्यास गुंज वेगळी काढावी व वहीत तिची नोंद वेगळी करावी.' त्याने डावाच्या निकालात काही फरक पडत नाही. पण तो नियम कोणी खोडू नये, एवढी माझी विनंती आहे.