दातांची रांग आणि प्रौढ वय

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण मराठी माणूस दैवाच्या विसंगतीबद्दल बोलताना वापरतो. परंतु खुद्द दातांच्या बाबतीतही ती खरी ठरण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. वाकडे दात सरळ करण्यास बारा-तेरा वर्षांचे वय सोयीचे असते, कारण त्या वेळी जबड्यांची वाढ चालू असते. पण त्याच सुमारास घरातील मिळकत बेताची असते, भावंडांची फी भरावयाची असते, आणि ‘दात पुढे आला म्हणून काही अडत नाही’ या एका वाक्यात तो प्रश्न निकालात निघतो. पुढे पंचवीस-तीस वर्षांनी हाती पैसा येतो, तेव्हा ‘आता वय गेले’ अशी मनाची समजूत झालेली असते. ही समजूत खरी नाही. मात्र प्रौढ वयात दात सरळ करून घेणे म्हणजे नेमके काय पत्करणे, हे आधी नीट जाणून घ्यावयास हवे.

भिलाईतील सुपेल्याचेच उदाहरण घ्यावे. ग्रेट ईस्टर्न रोडला लागून असलेली ही गजबजलेली वस्ती पोलाद कारखान्याच्या आखीव सेक्टरांच्या शेजारी वाढली. कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, त्याच्या मागेपुढे विदर्भातून, आंध्रातून, केरळातून, बंगालमधून कुटुंबे या भागात आली. त्यांची दुसरी-तिसरी पिढी आज येथे नोकरीधंद्यात आहे. जवळच कोहक्यास दंतवैद्यकाचे महाविद्यालयही आहे. अशा वस्तीतील एखाद्या बेचाळीस वर्षांच्या शिक्षिकेची कल्पना करावी. तिचे खालचे पटाशीचे दात एकमेकांवर चढले आहेत. त्यांच्या फटींत किटण साचते, हिरड्यांतून रक्त येते आणि हसताना हात आपसूक तोंडासमोर जातो. लोखंडी तारा लावून वर्गापुढे उभे राहण्याचा तिला संकोच वाटतो. अशा वेळी दंतवैद्य तिला पारदर्शक साच्यांचा, म्हणजे अलाइनरचा, पर्याय सुचवितो.

हा साचा म्हणजे दातांवर चपखल बसणारे, सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिकचे आवरण होय. दातांची त्रिमितीय प्रतिमा संगणकावर घेतात. दात आज कोठे आहेत आणि शेवटी कोठे असावेत हे ठरवून मधल्या वाटेचे लहान लहान टप्पे पाडतात. प्रत्येक टप्प्यासाठी एक साचा असतो. एका साच्याने दात साधारणपणे पाव मिलिमीटरच सरकावा अशी योजना असते. एक-दोन आठवड्यांनी तो साचा बाजूला ठेवून पुढचा घालावयाचा. दोष सौम्य असेल तर दहा-वीस साच्यांत काम भागते. गुंतागुंतीचा असेल तर ही संख्या बरीच वाढते.

येथे कोणाच्याही मनात शंका येईल की, हाडात घट्ट रोवलेला दात प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याने हलावा कसा? भिलाईच्या माणसाला तर ही शंका विशेष यावी. त्याच्या कारखान्यात रेल्वेचे रूळ घडतात ते पोलादाचा ठोकळा बाराशे अंशांच्या आसपास तापवून, प्रचंड रुळांखाली दाबून, अवघ्या काही मिनिटांत. हाडाचा न्याय याच्या उलट आहे. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा जिवंत पडदा असतो आणि दात त्या तंतूंवर तोललेला असतो. दाताला एका बाजूने हलका पण सतत रेटा मिळाला की दाबाच्या बाजूला हाड झिजविणाऱ्या पेशी जमतात व तेथील हाड विरघळवितात. ताणाच्या बाजूला हाड बांधणाऱ्या पेशी नवे हाड रचतात. दात पुढे सरकतो तो असा, पुढची भिंत मोकळी होत आणि मागची भरून येत. स्वीडनमधील कार्ल सँडस्टेट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कुत्र्यांवर प्रयोग करून ही प्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. जोर वाढविला म्हणून दात लवकर सरकत नाही. उलट त्या पडद्यातील रक्तप्रवाह चेपला जातो, काम अडते आणि दाताच्या मुळालाही इजा पोहोचू शकते. पोलाद आगीने आणि बळाने वळते, हाड काळाने वळते.

हे तत्त्व माणसाला अंदाजाने फार पूर्वीपासून ठाऊक होते. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने लिहून ठेवले आहे की, दुधाचा दात पडण्यापूर्वीच नवा दात आला तर दुधाचा दात काढावा आणि नवा दात रोज बोटाने रेटून जागेवर आणावा. अमेरिकेतील हॅरॉल्ड केसलिंग यांनी १९४५ साली दातांना इष्ट जागी नेणारा लवचिक साचा तयार केला आणि अशा साच्यांच्या मालिकेने मोठे बदलही साधता येतील असे सुचविले. परंतु प्रत्येक टप्प्याचे दात हाताने मांडणे इतके किचकट होते की ती कल्पना फारशी पुढे गेली नाही. तिला वाट मिळाली ती संगणकामुळे. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकलेले झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी १९९७ साली अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली. चिश्ती यांनी स्वतः प्रौढपणी तारा लावून घेतल्या होत्या. तारा काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून दिलेला साचा काही दिवस घातला नाही की दात किंचित सरकतात आणि पुन्हा घातला की मूळ जागी येतात, हे त्यांच्या ध्यानात आले. जो साचा दात धरून ठेवतो तोच दात हलवूही शकेल, हा विचार त्यातून निघाला. या उपचाराचा उगमच अशा रीतीने एका प्रौढ रुग्णाच्या अनुभवात आहे.

आता या साच्यांशी जुळवून घेण्याचा प्रश्न. पहिले तीन-चार दिवस दात दाबल्यासारखे व ठणकल्यासारखे वाटतात. साच्याची कड जिभेला अथवा गालाला टोचते. तोंडात काही परकी वस्तू आली असे समजून लाळ अधिक सुटते. साचा काढताना पुढच्या दातांकडून ओढू नये. आतल्या बाजूने, दाढांपासून, दोन्हीकडे थोडा थोडा सैल करीत काढावा. काही दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटविलेले असतात. साच्याला पकड मिळावी एवढ्यासाठी ते असतात, पण त्यांच्यामुळे आरंभी ही काढघाल आणखी अवघड वाटते. आठवड्याभरात बोटांना तिचा सराव होतो. प्रत्येक नव्या साच्याबरोबर एक-दोन दिवस दाब पुन्हा जाणवतो. म्हणून नवा साचा रात्री निजतेवेळी घालावा, असे दंतवैद्य सहसा सांगतात.

शिक्षिकेला खरी चिंता उच्चारांची असते आणि ती निराधार नाही. आपल्या वर्णमालेत त, थ, द, ध, न, ल आणि स हे वर्ण दंत्य म्हणून वेगळे काढलेले आहेत. दातांची जाडी पाऊण मिलिमीटरने वाढली की जिभेचे नेहमीचे माप चुकते आणि ‘स’ थोडा फुसफुसतो. मराठीत ‘चाक’ आणि ‘जागा’ या शब्दांतील च-ज दातांजवळ उच्चारले जातात. तेथेही जीभ अडखळते. यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे मोठ्याने बोलणे. घरी दहा-पंधरा मिनिटे वर्तमानपत्र मोठ्याने वाचले तर जीभ नवे माप लवकर शिकते. बहुतेकांचे उच्चार एक-दोन आठवड्यांत पूर्ववत होतात, आणि ऐकणाऱ्याला तो फरक बोलणाऱ्याइतका कधीच जाणवत नाही.

याहून अवघड आहे तो दिवसाचा हिशेब. साचा दिवसातून वीस ते बावीस तास तोंडात असला पाहिजे. म्हणजे दोन वेळचे जेवण, न्याहारी, चहा आणि दात घासणे या सर्वांसाठी मिळून दोन ते चार तास उरतात. साचा तोंडात असताना साधे पाणी तेवढे चालते. गरम चहाने प्लॅस्टिकचा आकार बिघडतो व रंगही चढतो. शिवाय साखर साच्याखाली अडकून दाताला चिकटून राहते आणि लाळेला ती धुऊन काढता येत नाही. पान-सुपारी आणि तंबाखू यांविषयी वेगळे सांगावयास नको. टपरीवरचा एकेक चहा पंधरा मिनिटे घेत असेल तर दिवसाचे पाच चहा म्हणजे सव्वा तास झाला. कारखान्यात पाळीने काम करणाऱ्याची झोप आणि जेवण दर आठवड्याला बदलतात, म्हणून त्याने हा हिशेब अधिकच काटेकोर ठेवला पाहिजे. पुष्कळांचे चहाचे प्रमाण या निमित्ताने आपोआप कमी होते. खाऊन झाल्यावर दात घासून, निदान खळखळून चूळ भरून, साचा परत घालावा. तो थंड पाण्याने व मऊ ब्रशने धुवावा. काढलेला साचा डबीतच ठेवावा. कागदात गुंडाळून बशीशेजारी ठेवलेला साचा उष्ट्याबरोबर फेकला जातो.

तारा आणि साचे यांतील मुख्य भेद येथेच आहे. तार दंतवैद्य बसवितो आणि ती रुग्णाच्या इच्छेवर अवलंबून राहत नाही. साचा मात्र काढता येतो. ही त्याची सोय आहे आणि धोकाही. चार दिवस चालढकल झाली की दात मागे राहतात, साचा पुढे जातो आणि दोहोंमध्ये फट दिसू लागते. ती दिसली की पुढचा साचा जबरीने घालण्याऐवजी दंतवैद्याला दाखवावी.

प्रौढ वयाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. वाढ थांबलेली असल्याने जबड्याचा मोठा दोष केवळ साच्यांनी जात नाही. हिरड्यांचा विकार असेल तर तो आधी बरा करावा लागतो, कारण हाड खंगलेले असताना दात हलविणे म्हणजे पाया खचलेल्या घराच्या भिंती सरकविण्यासारखे आहे. काही दोषांना आजही तारांचाच उपाय चांगला ठरतो, आणि साच्यांचा खर्च सहसा तारांहून अधिक असतो. म्हणून दंतवैद्याकडून, शक्य तर या शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्याकडून, प्रत्यक्ष तपासणी व क्ष-किरण चित्र झाल्याशिवाय हा मार्ग धरू नये. अमेरिकेतील स्माइल डायरेक्ट क्लब ही कंपनी घरपोच साचे पाठवीत असे. डिसेंबर २०२३ मध्ये ती एकाएकी बंद पडली आणि कित्येक रुग्ण उपचाराच्या अर्ध्या वाटेवर राहिले. हाड सरकत असताना त्यावर कोणाची तरी नजर असावी लागते, हा धडा त्यातून घेण्याजोगा आहे.

शेवटचा साचा निघाला म्हणजे सारे संपले असेही नव्हे. ताणले गेलेले तंतू दातांना जुन्या जागेकडे ओढीत राहतात. म्हणून दात जागेवर धरून ठेवणारा साचा आरंभी बराच वेळ आणि पुढे रात्री, पुष्कळदा कायमचा, वापरावा लागतो. सुपेल्यातील त्या शिक्षिकेला दंतवैद्याने हे पहिल्याच दिवशी सांगावे आणि तिने ते ऐकूनच निर्णय करावा. बेचाळिसाव्या वर्षी दात हलतात, कारण हाड बेचाळिसाव्या वर्षीही जिवंत असते. मुलापेक्षा ते जरा सावकाश चालते, एवढेच. परंतु मुलाला साचा घालावयास आठवण करून देणारी आई असते. प्रौढाला ते काम स्वतःच करावे लागते. तेवढी तयारी असेल तर दात आणि चणे यांची गाठ चाळिशीनंतरही पडू शकते.