क्युबेक शहर: जिथे राज्य गेलं, पण भाषा राहिली

आपल्या अनेक घरांतली मुलं शिक्षणासाठी, नोकरीसाठी कॅनडात आहेत. आई-वडील त्यांना भेटायला जातात, टोरंटो आणि नायगारा बघून परततात. हाताशी अजून तीन दिवस असतील तर क्युबेक शहर जरूर बघावं. मॉन्ट्रियलपासून ते साधारण २५० किलोमीटरवर आहे आणि तिथून रेल्वेही जाते.

१६०८ मध्ये सॅम्युएल द शाँप्लेन या फ्रेंच माणसाने सेंट लॉरेन्स नदीकाठी ही वस्ती वसवली. १३ सप्टेंबर १७५९ रोजी शहराबाहेरच्या माळावर इंग्रजांनी फ्रेंचांचा पराभव केला. राज्य इंग्रजांचं झालं, पण लोकांनी आपली भाषा सोडली नाही. १९७७ च्या कायद्याने शाळा, कचेऱ्या आणि दुकानांच्या पाट्यांवर फ्रेंचचं स्थान पक्कं केलं. खुद्द फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या लाल पाटीवर 'स्टॉप' लिहिलेलं असतं, इथे मात्र 'आरे'! घरात उर्दू किंवा कोकणी, बाहेर मराठी आणि शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या मुलांना ही पाटी आवर्जून दाखवा. भाषा सरकारी कायद्याने टिकते, तशीच ती घरात रोज बोलल्यानेही टिकते.

काय बघाल?

जुन्या शहराभोवती सुमारे ४.६ किलोमीटरची तटबंदी आहे. १९८५ पासून जुनं शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तटावरून फिरायला पैसे लागत नाहीत. कड्यावर शातो फ्रोंतनाक हे १८९३ चं किल्ल्यासारखं हॉटेल आहे. त्याच्यासमोरच्या लाकडी सज्जावरून नदी दूरवर दिसते. खाली पेती-शाँप्लेनच्या अरुंद गल्ल्यांत उतरायला एक जिना आहे, त्याचं नावच 'मान मोडणारा जिना'! गुडघे दुखत असतील तर शेजारच्या फनिक्युलरने, म्हणजे दोरीवर चालणाऱ्या डब्याने उतरा.

लढाई झाली तो माळ आता मोठी बाग आहे, मुलांना पळायला उत्तम. नदीपलीकडच्या लेव्हीला जाणाऱ्या बोटीत बसा. थोड्या वेळाचा प्रवास, पण शहराचं सर्वात सुंदर दृश्य तिथूनच दिसतं. शहराबाहेर मोंमोरेन्सी धबधबा आहे. ८३ मीटर उंच, म्हणजे नायगारापेक्षा सुमारे ३० मीटरने जास्त.

खाण्याचं काय?

इथे जरा जपून. पारंपरिक वाटाण्याच्या सूपमध्ये बहुधा हॅम असतं, तुर्तिएर या पायमध्ये डुकराचं मांस. पुतीन म्हणजे बटाट्याच्या फ्राईजवर चीज आणि रस्सा. हा रस्सा मांसाचा असू शकतो, म्हणून विचारून घ्या. चार शब्द लिहून ठेवा: पोर आणि लार म्हणजे डुकराचं मांस व त्याची चरबीदार पट्टी, जांबों म्हणजे हॅम, सँदू म्हणजे डुकराची चरबी. बर्फावर ओतून काडीला गुंडाळलेला मेपलचा पाक मात्र मुलांना नक्की द्या.

नमाज

सँत-फ्वा भागात इस्लामिक कल्चरल सेंटरची मशीद आहे. २९ जानेवारी २०१७ रोजी, इशाच्या नमाजनंतर, तिथे एका बंदूकधाऱ्याने सहा नमाजींना ठार केलं. आता कॅनडात २९ जानेवारी हा त्यांच्या स्मृतीचा आणि इस्लामद्वेषाविरुद्धचा राष्ट्रीय दिवस आहे. मशीद आजही सुरू आहे. शहरात गेलात तर तिथे नमाज पढा, त्या सहा जणांसाठी दुआ करा. हेही या शहराच्या इतिहासाचं एक पान आहे, ते गाळून पुढे जाऊ नये.

केव्हा जावं?

जून ते सप्टेंबर सोयीचं. जूनमध्ये मगरिब पावणेनऊच्या सुमारास होते, इशा त्याहून बरीच उशिरा. त्यामुळे दिवसाचा बेत तसा आखा. फेब्रुवारीत हिवाळी कार्निव्हल असतो, पण थंडी कडाक्याची. जाड कोट, बूट आणि हातमोजे नसतील तर लहान मुलांना नेऊ नका.

आणि दुकानात शिरताना आधी 'बोंझूर' म्हणा. मग इंग्रजीत बोललात तरी चालतं. समोरच्याच्या भाषेत केलेला सलाम कुठेही वाया जात नाही.